आधी बॅटरी ताटात

माझ्या डाव्या मांडीवर अकरा टाक्यांचा व्रण आहे. तो कसा झाला याची मी आधी एक गोष्ट सांगितली होती. दवाखान्यात, बायकोच्या आणि सुतारसंघाच्या माणसांच्या देखत. ती खोटी. आता सांगतोय ती खरी आहे, आणि ती सांगताना माझी अब्रू जाते हे मला ठाऊक आहे. जाऊ दे. तशीही ती फार मोठी नव्हती.

पण ही गोष्ट माझी कमी आणि इया मोरेनिकेची जास्त. इया म्हणजे आई. आमच्या ओन्डो गावात बाईला मूल झालं की तिचं स्वतःचं नाव कुणी घेत नाही. मोरेनिकेची आई ती इया मोरेनिके. लाकूडबाजाराच्या तोंडाशी, आंब्याच्या झाडाखाली तिची पत्र्याची टपरी आहे. वर पाटी आहे, ‘करवतीचे डॉक्टर’. पाटी तिच्या नवऱ्याच्या वेळची. नवरा गेला, पाटी राहिली, आणि डॉक्टर ती झाली.

बाई साठीला टेकलेली, अंगानं वाळकी, डोक्याला घट्ट फडकं, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. आवाज मात्र असा की गिरणी चालू असतानाही ऐकू यावा. आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी येते, कधी येणार ते सांगत नाही आणि जाताना निरोप घेत नाही. त्यामुळे बॅटरीवरच्या करवती आल्या तेव्हा आम्ही सुतारांनी त्या अक्षरशः डोक्यावर घेतल्या. जनरेटर नको, पेट्रोल नको, पायात वायर नको. परदेशातून वापरलेल्या करवती कंटेनर भरभरून येऊ लागल्या. कशा चालवायच्या ते सांगणारं पुस्तक कुणातच नसायचं. आणि असतं तरी आम्ही वाचलं असतं होय?

ते पुस्तक म्हणजे इया. तिच्या टेबलावर एक पांढरं इनॅमलचं ताट असतं, कडेला टवके उडालेलं. करवत तिच्यापुढे ठेवायची तर आधी बॅटरी काढून त्या ताटात ठेवायची. मग करवत. हा क्रम चुकला की बाई करवतीकडे बघायचीसुद्धा नाही.

“आधी बॅटरी ताटात.”

“इया, नुसता एक स्क्रू ढिला झालाय हो.”

“मग नुसती एक बॅटरी काढ.”

संघाचा अध्यक्ष असो नाहीतर पाद्री असो, सगळ्यांना तेच. मी तिची नक्कल फार छान करायचो. ताडीच्या गुत्त्यावर बसलो की चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन ओरडायचो, “आधी चड्डी ताटात!” आणि माणसं हसून हसून बाकावरून पडायची. एवढाच माझा बाजारातला लौकिक. बावीस वर्षं सुतारकाम केलं, पण लोक मला ओळखतात ते तिची नक्कल करणारा म्हणून.

ते ताट कुठलं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं मी म्हणू शकलो असतो. पण माहीत होतं. सगळ्या बाजाराला माहीत होतं. तिचा नवरा, बाबा मोरेनिके, हा या भागातला पहिला करवतीचा डॉक्टर. बॅटरीच्या करवती नव्यानं आल्या तेव्हा एकीचं पातं बदलताना त्यानं बॅटरी आतच ठेवली. पाना फिरवताना दुसरा हात खटक्यावर दाबला गेला. उजव्या हाताची चार बोटं गेली. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट.

पुढं तो नऊ वर्षं जगला. त्या नऊ वर्षांत इया त्याचा उजवा हात झाली. तो स्टुलावर बसून सांगायचा, ती कानस चालवायची, तो नुसत्या आवाजावरून म्हणायचा, “तिसरा दाता चुकला.” अशी ती शिकली. पण दुखणं ते नव्हतं. आमच्याकडे डाव्या हातानं कुणाला काही देणं म्हणजे तोंडावर थुंकण्यासारखं. डाव्या हातानं मोठ्यांपुढे घास खाणं तर विचारूच नका. बाबा मोरेनिकेला दुसरा हातच उरला नव्हता. लोक म्हणायचे, अहो चालतं, तुमची गोष्ट वेगळी. पण त्याला नाही चाललं. तो बारशांना जाईनासा झाला, मग लग्नांना, मग कुठंच. टपरीच्या मागं, भिंतीकडे तोंड करून, त्या पांढऱ्या ताटात डाव्या हातानं जेवायचा. तो गेल्यावर तिनं ताट घासलं आणि टेबलावर आणून ठेवलं.

आणि अशा ताटावरून मी चड्डीचे विनोद करत होतो. माणूस किती नालायक असावा याला काही मर्यादा? असेल, पण मी काही ती ओलांडायची ठेवली नाही.

आता माझं नाव सांगतो. चर्चमध्ये मी इझेकिएल, पण घराण्याचं नाव ओगुन्तादे. ओगुन म्हणजे आमचा लोखंडाचा देव. लोहार, ड्रायव्हर, सुतार, खाटीक, ज्याचं पोट लोखंडावर चालतं तो त्याचा. माझे आजोबा त्याचे पुजारी होते. मी रविवारी चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसतो, माझा शेजारी लामिदी शुक्रवारी मशिदीत पहिल्या रांगेत, आणि वर्षाकाठी ओगुनचा उत्सव आला की आम्ही दोघं हातात पामतेलाची बाटली घेऊन चिंचोळ्या रस्त्यानं त्याच्या थानावर, म्हणजे पूजेच्या जागी, भेटतो. एकमेकांना तिथं पाहिलं नाही असं दोघांचं ठरलेलं आहे.

उत्सवात हत्यारांना तेल द्यायचं. लोखंड तापट असतं, लाल तेलानं ते थंड होतं, मालकाला चावत नाही. हातोडीला, रंध्याला, हातकरवतीला आमचे आजे-पणजे देत आले. पण बॅटरीच्या करवतीचं काय? यावर संघात एक अख्खी दुपार वाद झाला होता. पातं ओगुनचं, कबूल. पण बॅटरी? वीज तर शांगोची, आणि शांगो हा विजांचा देव मोठा मानी. एकाचं तेल दुसऱ्याच्या अंगावर सांडलं तर? अंगचा सगळा भाग तर प्लास्टिकचा, त्याला कुणीच देव नाही. लामिदी म्हणाला, “माझे तर दोघंही नव्हेत, पण मी अर्धी बाटली ओततो. नुकसान तर नाही ना?”

उत्सवाच्या आठवडाभर आधी मी करवत घेऊन इयाकडे गेलो. पात्याखालचं झाकण अडकत होतं. कापताना हे झाकण आपोआप मागं सरतं आणि कापून झालं की स्प्रिंगच्या जोरावर परत येऊन पातं झाकतं. माझं झाकण झोपेतून उठल्यासारखं येत होतं.

बॅटरी ताटात ठेवली. तोंड वाकडं करून ठेवली, पण ठेवली. इयानं पातं उतरवलं, कोरड्या ब्रशनं आतला भुसा झाडला, स्प्रिंग बदलली, पातं चढवून बोल्ट आवळला आणि झाकण बोटानं मागं ओढून सोडलं.

टक.

“ऐकलंस?” ती म्हणाली.

“ऐकलं.”

“काय ऐकलंस?”

“टक.”

“प्रत्येक काप झाला की हा टक ऐकायचा. खटका सोडला तरी पातं लगेच थांबत नाही, दोन श्वास फिरत राहतं. टक ऐकू आला तरच करवत खाली टेकवायची. नाही आला तर हातातच धरून ठेव, पातं थांबू दे, आणि मग पहिलं काम काय?”

“बॅटरी काढायची,” मी शाळेतल्या पोरासारखा म्हणालो.

“आणि फळी लाकडी घोडीवर ठेवून काप. गुडघ्यावर नाही. तुझी मांडी ही घोडी नव्हे, ओगुन्तादे. आणि उत्सव आलाय. तेल द्यायचंच तुला, देऊ नको म्हणून मी सांगणार नाही. बॅटरी काढ, पात्याच्या सपाटीवर एक बोट फिरव, नमस्कार कर आणि फडक्यानं पुसून टाक. झाकणात थेंब गेला तर भुसा चिकटून त्याचा चिखल होईल. बॅटरीच्या पितळी पट्ट्यांना तर लावूच नकोस. देवाला थेंबभर पुरतं.”

मी हसलो. अहो, पुजाऱ्याचा नातू मी! “इया, माझ्या नावात ओगुन आहे. त्याला किती पुरतं ते मला शिकवता?”

“देवाला शिकवत नाही रे,” ती म्हणाली. “तुला शिकवतेय. पण पालथ्या घड्यावर पाणी.”

उत्सवाच्या दिवशी थानावर ही गर्दी. जुने आस, ट्रकचे पाटे, कोयते, दांडे मोडलेल्या कुऱ्हाडी यांचा ढीग, त्यावर तेल, भाजलेला याम कंद, ताडी. लामिदीनं सगळ्यांच्या देखत आपल्या करवतीवर अर्धी बाटली ओतली. लोक वाहवा म्हणाले. आता मी पुजाऱ्याचा नातू. लामिदीची अर्धी आणि माझं बोटभर? मी अख्खी बाटली ओतली. पात्यावर, झाकणावर, झाकणाच्या आत, सगळीकडे. तेल कोपरापर्यंत ओघळलं. एक म्हातारी म्हणाली, “याला म्हणतात घराणं!” आणि मी गर्वानं इतका फुगलो की पुसायचं राहूनच गेलं.

तिसऱ्या दिवशी चर्चच्या आवारात, गायकांच्या खोलीच्या छपराचं काम होतं. घोडी दहा पावलांवर सावलीत होती. दहा पावलं म्हणजे काय हो? तेवढी चाललो असतो तर ही गोष्टच झाली नसती. मी दगडावर बसलो, फळी आडवी मांडीवर घेतली आणि कापत सुटलो. पहिले सातआठ काप झकास. तेलावर भुसा बसत होता, झाकण जड होत होतं, टक पहिल्यांदा मऊ झाला, मग टपसारखा, मग नाहीच. मला कळत होतं, बरं का. कान काही फुटले नव्हते. पण मी मनात म्हटलं, एवढ्या चार फळ्या होऊ देत.

शेवटचा तुकडा पडला. खटका सोडला. आणि बावीस वर्षांच्या सवयीनं करवत मांडीवर टेकवली.

झाकण उघडंच होतं. पातं अजून फिरत होतं. आधी विजार फाटल्याचा आवाज आला. मग मी ओरडलो असणार, कारण आतली गायक मंडळी गाणं थांबवून बाहेर आली, आणि वीसेक बायाबापड्यांसमोर मी रक्तानं माखलेला, एका पायात विजार आणि दुसऱ्यात काहीच नाही अशा अवस्थेत पडलेलो होतो.

टाके घालून झाले, आणि तिथं माझं खरं संकट सुरू झालं. जखमेचं नव्हे. आमच्याकडे ओगुनच्या आठवड्यात लोखंड चावलं की लोक जखम किती खोल हे विचारत नाहीत. पाप किती मोठं, ते विचारतात. देव उगाच चावत नाही. खोटी शपथ, चोरी, नाहीतर परस्त्री, तिन्हीतलं एक असणारच.

माझी बायको मोजिसोला बाजारात चवळीच्या पिठाची भजी विकते. तिथून ती तशीच पिठाच्या हातानं दवाखान्यात आली. मांडीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

“कोण आहे ती?” तिनं विचारलं.

“कोण ती?”

“मांडीवर! दुसरीकडे कुठं नाही, नेमका मांडीवर चावला ओगुन. त्याला काय जागा माहीत नाही? नाव सांग तिचं.”

“अगं बाई, कुणी नाही. करवतीचं झाकण—”

“झाकण! झाकायचंच काम करतोयस तू!”

खाटेभोवती लामिदी, संघाची चार माणसं, दोन नर्स. सगळे कान टवकारून. तेल ओतलं म्हणावं, तर पुजाऱ्याचा नातू गाढव ठरतो. मांडीवर फळी ठेवली म्हणावं, तर बावीस वर्षांचा सुतार गाढव ठरतो. दोन्ही खरं होतं. आणि मग मी उचलली जीभ लावली टाळ्याला.

“इयानं दुरुस्त केली होती नुकतीच,” मी म्हणालो. “तिनंच स्प्रिंग ढिली ठेवली.”

एवढंच. नऊ-दहा शब्द. लामिदीनं च्‌ च्‌ केलं. मोजिसोलाचा चेहरा सैल झाला. एक म्हणाला, “म्हातारीचे डोळे गेलेत आता.” दुसरा म्हणाला, “बाईचं कामच नाही हे, मी आधीपासून म्हणतोय.” मी डोळे मिटून कण्हलो. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी दुसऱ्यांना किती वेळा ऐकवली असेल!

मला वाटलं, चार दिवस बोलतील आणि विसरतील. पण करवतीचा डॉक्टर करवतींना माणसं चावायला लावतो अशी बातमी एकदा बाजारात सुटली की ती कुणाच्या बापाला आवरत नाही. दोन आठवड्यांनी कुबडी टेकत मी बाजारात गेलो, तर आंब्याखाली कुणी नव्हतं. ताट रिकामं. इया एकटीच बसून, कुणाचंही नसलेलं एक पातं कानसत होती. मी दुसऱ्या रस्त्यानं गेलो. लंगड्याला लांबचा रस्ता पडला, पण गेलो.

मग लामिदीकडून कळलं, की संघ तिची जागा काढून घेणार आहे. टपरीची जमीन संघाची. शेजारच्या गावचा एक तरुण दुकानदार ती मागतोय. पाटी उतरणार, तिनं मुलीकडे लागोसला जावं असं ठरतंय. “तुझी एक साक्ष झाली की झालं,” लामिदी म्हणाला. “आणि इयानंच मागणी केलीय, साक्ष लोखंडावर व्हावी.”

बायबलवर हात ठेवून मी न्याहारीच्या आधी तीनदा खोटं बोललो असतो. येशू क्षमाशील आहे, तेच तर त्याचं काम. ओगुन क्षमा करत नाही. लोखंडाला जीभ लावून खोटं बोललेला माणूस वर्ष काढत नाही, असं आजोबा सांगायचे, आणि नावं सांगायचे. हसू नका. तुम्ही हसाल, मीही चर्चमध्ये हसतो. पण जीभ माझी होती.

त्या रात्रीपर्यंत मी पळून जाण्याच्या सात युक्त्या काढल्या. ताप, मेव्हणीचं बाळंतपण, पायात पू. मोजिसोलानं सगळ्या ऐकून घेतल्या आणि म्हणाली, “खरं असेल तर जीभ लावायला भीती कसली? आणि खोटं असेल तर मला आत्ता सांग, मी काळं कापड घेऊन ठेवते.” मी सांगितलं नाही. बायकोला खरं सांगणं हे ओगुनपेक्षाही अवघड.

बैठक थानापाशी, दुपारी. झाडाखाली चाळीसएक सुतार. मधे बाबा फादेयी, संघाचे सर्वांत वयस्कर, ऐंशीचे, जन्माचे लोहार. मी एका बाजूला स्टुलावर, पाय लांब करून. समोर इया, उभी. तिला कुणी स्टूल दिलं नव्हतं. तिनं रोजचाच कामाचा झगा घातला होता आणि चष्मा दोऱ्यानं बांधला होता.

बाबा फादेयींनी लोखंडाच्या ढिगातून एक कोयता उचलला. इया म्हणाली, “कोयता कशाला, बाबा? तो बिचारा तिथं नव्हता. ती करवतच आणा. खरं-खोटं तिच्या देखत झालंय.”

माना हलल्या. करवत लामिदीकडे होती, पुरावा म्हणून पिशवीत. अपघाताच्या दिवसापासून तशीच. त्यानं ती काढली आणि बाबा फादेयींच्या हातात दिली. पात्यावर माझं वाळलेलं रक्त, झाकण उघडं, आणि म्हाताऱ्याच्या थरथरत्या बोटांत नेमका खटका. म्हाताऱ्यानं जन्मात असली करवत हातात घेतली नव्हती. त्यांनी ती तशीच माझ्या तोंडासमोर धरली.

“जीभ लाव,” ते म्हणाले, “आणि सांग. झाकणाची स्प्रिंग या बाईनं ढिली ठेवली की नाही?”

मी पुढं वाकलो. जीभ बाहेर काढली.

“थांब!”

इया रिंगणाच्या मधून धावत आली. आरोपीनं असं रिंगण ओलांडायचं नसतं. चारजण ओरडले, लामिदी तिला धरायला उठला. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. म्हाताऱ्याची बोटं तिनं एकेक करून खटक्यावरून सोडवली, करवत उलटी केली, कळ दाबली आणि बॅटरी ओढून काढली. ठेवायला ताट नव्हतं. आमच्या बायका पैसे बांधतात तशी तिनं ती कमरेच्या लुगड्याच्या टोकात बांधली आणि गाठ मारली. मग पातं हातानं हळूच फिरवून पाहिलं.

“बॅटरीत अजून जीव आहे,” ती बाबा फादेयींना म्हणाली. “तुमचं बोट दाबलं गेलं असतं तर याचं तोंड गेलं असतं.” मग माझ्याकडे वळली. रागानं नाही. टपरीवर बोलायची तशीच, शेजारच्या बाजारात ऐकू येईल अशा आवाजात. “हं. आता धर. उजव्या हातानं, मुठीला. जीभ सपाट बाजूला लाव. दात्यांना नको, ते मीच लावलेत, तिखट आहेत.”

आणि ती मागं सरली आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

मी करवत उजव्या हातात घेतली. जीभ बाहेरच होती. आत घ्यायचं भानच राहिलं नाही. चाळीस माणसं माझ्या जिभेकडे बघत होती, आणि मी माझ्या बोटांकडे. पाच होती. कुणाच्या पुण्याईनं होती ते त्या क्षणी मला इतकं लख्ख कळलं की रडूच आलं. माझ्या वयाला शोभणारं नव्हे. नाक गळणारं, हुंदके देणारं, ओंगळ रडू.

“मीच,” मी म्हणालो. जिभेमुळे ते नीट आलं नाही, म्हणून परत म्हणालो. “मीच. तेल मी ओतलं. अख्खी बाटली. हिनं बोटभर सांगितलं होतं. फळी मांडीवर घेतली मीच. टक येत नव्हता, तेही मला ऐकू येत होतं. इयाची स्प्रिंग चांगली होती. मी खोटा आहे.”

बाबा फादेयींनी झाकणाच्या आत बोट घातलं. तेलाचा आणि भुशाचा लाल चिखल बोटभर निघाला. त्यांनी तो हुंगला, सगळ्यांना दाखवला, आणि मग माझ्याच शर्टाला पुसला. मागून मोजिसोलाचा आवाज आला. ती कधी येऊन उभी राहिली होती देव जाणे. “म्हणजे बाई नव्हतीच?” ती म्हणाली. “नुसता मूर्खपणा?” तिच्या आवाजात इतका आनंद होता की मला जरा वाईटच वाटलं.

टपरी राहिली. मला शिक्षा झाली: पुढचा उत्सव येईपर्यंत दर बाजाराच्या दिवशी आंब्याखाली बसायचं आणि येईल त्याला ही गोष्ट सांगायची, विजारीसकट. पहिल्या दिवशी गेलो तेव्हा तिनं बसायला स्टूल दिलं. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं. मी बराच वेळ घुटमळलो आणि शेवटी विचारलं.

“इया, त्या दिवशी बॅटरी का काढलीत? मी तुमच्याविरुद्ध खोटं बोलायला बसलो होतो. जीभ गेली असती तर तुमचंच भलं झालं असतं.”

ती पात्याचा एक दाता कानसत होती. थांबली नाही.

“खोट्या माणसालाही जेवावं लागतं, ओगुन्तादे,” ती म्हणाली. “तोंड लागतं, हात लागतो. नऊ वर्षं मी एका खऱ्या माणसाला भिंतीकडे तोंड करून जेवताना पाहिलंय. ते मला कुणाचंच बघायचं नाही. तुझंसुद्धा.”

रस्त्यावरून एक सुतार करवत घेऊन येत होता. माझा चड्डीचा विनोद मीच त्याला कधीतरी ऐकवला होता, तो मला बघून हसलाही. मी उठलो, लंगडत टेबलाशी गेलो आणि ताट त्याच्यापुढं सरकवलं.

संध्याकाळी घरी कुटलेला याम आणि रस्सा होता. मी उजवा हात धुतला, घास मोडला, आणि तसाच हातात धरून बसलो. मोजिसोला म्हणाली, “जेवतोयस की बोटं मोजतोयस?” मी म्हटलं, दोन्ही.